लॅपटॉपचे ग्राफिक्स वाढवण्याआधी



सोयाबीनची पट्टी आली की किंवा दुधाचे पैसे साठले की हल्ली घरात लॅपटॉप येतो. बहुधा तो कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी घेतलेला असतो. मग त्यावरच सातबारा पाहिला जातो, योजनांचे अर्ज भरले जातात, शिष्यवृत्तीचे कागद चढवले जातात. वर्ष-सहा महिने बरे जातात आणि मग मुलगा जेवताना हळूच विषय काढतो. "यावर गेम अडकतो. ग्राफिक्स कार्ड वाढवायला पाहिजे. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, करून देतो."

ग्राफिक्स म्हणजे काय हे घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक नसते. मग एक तर रागावून विषय बंद होतो, नाहीतर पोराची हौस म्हणून पैसे काढून दिले जातात. दोन्ही बरे नव्हे. विहिरीवर मोटार बसवताना आपण पाण्याची खोली बघतो, पाइपाचा व्यास बघतो, चार जाणत्यांना विचारतो आणि मगच पैसे मोजतो. तीच रीत इथे लावायची आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. बहुतेक लॅपटॉपमधील ग्राफिक्स नंतर बदलता येत नाही. ते घेतानाच पारखावे लागते. मात्र आहे त्याच लॅपटॉपकडून जास्त काम करून घेता येते, आणि त्यातले बरेचसे फुकट होते. न बदलणाऱ्या गोष्टीपायी घामाचा पैसा जाऊ नये आणि सुधारणारी गोष्ट राहून जाऊ नये, एवढ्यासाठी आजचा लेख.

ग्राफिक्स म्हणजे काय?

लॅपटॉपचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांचे शेत समजा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळातले चित्र हलते दिसावे म्हणून या प्रत्येक ठिपक्याचा रंग पुन्हा पुन्हा भरावा लागतो. सेकंदाला ६० वेळा भरला तर चित्र गुळगुळीत चालते. ३० च्या खाली गेले की अडखळते. मुलगा "अडकतो" म्हणतो ते हेच.

हे काम करणारी चिप म्हणजे ग्राफिक्स, म्हणजेच जीपीयू. ती दोन तऱ्हेची असते. पहिली तऱ्हा मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते. तिला स्वतःची मेमरी नसते. लॅपटॉपच्या रॅममधूनच ती आपला वाटा घेते. एकाच विहिरीवर घरचे पिण्याचे पाणी आणि उसाचे पाणी दोन्ही चालावे, तसा तो प्रकार. दुसरी तऱ्हा सुट्या चिपची. तिची स्वतःची मेमरी असते, म्हणजे स्वतःची विहीर असते. अभ्यासासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपमध्ये बहुधा पहिली तऱ्हा असते.

तुमच्या घरी कोणती आहे ते दुकानात न जाता कळते. विंडोज चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात "परफॉर्मन्स" असे लिहिलेले असेल, तिथे जा. डाव्या बाजूला "जीपीयू" दिसेल. एकच जीपीयू असेल आणि नाव "इंटेल यूएचडी", "आयरिस एक्सई" किंवा नुसते "एएमडी रेडिऑन ग्राफिक्स" असे असेल, तर बहुधा पोटातलेच ग्राफिक्स आहे. "जीफोर्स" नावाची दुसरी ओळ दिसली तर सुटी चिपही आहे. ही नावे वहीत उतरवून घ्या. पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

बदलता का येत नाही?

टेबलावर ठेवायच्या मोठ्या संगणकात, म्हणजे डेस्कटॉपमध्ये, ग्राफिक्स कार्डासाठी खाच असते. जुने कार्ड काढा, नवे बसवा. ट्रॅक्टरचा नांगर काढून रोटाव्हेटर जोडावा इतके ते सोपे. लॅपटॉपमध्ये तसे नसते. तिथे ग्राफिक्सची चिप मदरबोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते, नाहीतर प्रोसेसरच्या पोटातच असते. शिवाय त्या चिपला लागणारी वीज आणि तिची उष्णता काढणारा पंखा, हे सारे त्याच चिपच्या मापाने बनवलेले असते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीच्या पायावर पंधराची मोटार ठेवून भागत नाही. केबल, स्टार्टर, पाइप सगळेच बदलावे लागते.

याला अपवाद होते आणि आहेत. २००४ साली एमएक्सएम नावाची पद्धत निघाली, तिच्यात काही जाडजूड लॅपटॉपची कार्डे बदलता येत. पण ती सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये रुजली नाही. अलीकडे अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने २०२३ साली जाहीर केलेल्या १६ इंची लॅपटॉपमध्ये मागून काढता-घालता येणारा ग्राफिक्सचा भाग दिला आहे. आपल्या घरातला लॅपटॉप बहुधा यांपैकी नसतो.

तेव्हा कोणी "ग्राफिक्स वाढवून देतो" म्हणाले तर एवढेच विचारा, "नेमकी कोणती वस्तू घालणार? तिचे नाव कागदावर लिहून द्या." उत्तर बहुधा रॅम किंवा एसएसडी असे येईल. या वस्तू वाईट नाहीत, पण त्या ग्राफिक्स कार्ड नव्हेत, आणि त्यांची किंमतही कार्डाची नसावी. कोणी अख्खा मदरबोर्ड बदलायचे म्हणाले तर खर्च विचारा आणि तो नव्या लॅपटॉपच्या किमतीशी ताडून पाहा. बोर्डासोबत पंखा आणि चार्जरही बदलावा लागू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक फसवा उपाय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक आकडा बदलला की ग्राफिक्सची मेमरी वाढते, असे मोबाइलवरच्या व्हिडिओंत सांगतात. त्याने दाखवण्यापुरता आकडा वाढतो, ताकद तितकीच राहते. कागदावर पीक लावले म्हणून शेतात उगवत नाही. "गेम बूस्टर" म्हणून कुठूनही उतरवलेल्या प्रोग्रामांपासून तर दूरच राहा. त्याच लॅपटॉपवर तुमचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

पैसे न घालता काय होईल?

१. धूळ काढा. सोयाबीन मळताना ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भूस बसले की इंजिन तापते. लॅपटॉपचेही तसेच. जाळीत धूळ बसली की आतली चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. खेळ पहिली दहा मिनिटे बरा चालून मग अडखळू लागला, तर आधी संशय उष्णतेवर घ्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि मऊ ब्रशने जाळ्या साफ करा. टायरात हवा भरायच्या कॉम्प्रेसरने फुंकू नका. पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो आणि हवेबरोबर पाणीही आत जाते. लॅपटॉप दोन-तीन वर्षे जुना असेल तर जाणत्या कारागिराकडून आतली धूळ काढून चिपवरचा थर्मल पेस्ट बदलून घ्यावा. त्याला थोडे पैसे पडतील, पण ते वाया जात नाहीत.

२. बैठक सुधारा. हवा घ्यायच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटाखाली असतात. गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की त्या बंद होतात. लाकडी पाटावर ठेवा आणि मागच्या कडेखाली लहानसा ठोकळा द्या. चुलीचा धूर आणि गिरणीचे पीठ यांपासून लांब ठेवा.

३. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी ग्राफिक्सचा जोर कमी करतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवरसाठी "बेस्ट परफॉर्मन्स" निवडा. खेळ संपला की पुन्हा नेहमीचे ठेवा.

४. सुटी चिप असेल तर ती कामाला लागली आहे की नाही ते पाहा. लॅपटॉपमध्ये दोन्ही तऱ्हेचे ग्राफिक्स असताना खेळ कधीकधी पोटातल्या दुबळ्या ग्राफिक्सवरच चालत राहतो. दावणीला खोंड बांधून म्हाताऱ्या बैलाने नांगरावे तसे. सेटिंगमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स असे जा. तिथे तो खेळ निवडून "हाय परफॉर्मन्स" द्या.

५. ड्रायव्हर नवा करा. इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया या कंपन्या तो आपापल्या अधिकृत ठिकाणी फुकट देतात.

६. खेळाच्या सेटिंगमध्ये ठिपके कमी करा. १९२० गुणिले १०८० ऐवजी १२८० गुणिले ७२० ठेवले तर ठिपके ९ लाख २१ हजार ६०० होतात, म्हणजे निम्म्याहून कमी. पेरायचे रान निम्मे झाले की त्याच तिफणीने काम लवकर उरकते. सावल्या, धुके, पाण्यातील प्रतिबिंब यांचे सेटिंगही खाली आणा. चित्र थोडे भरड दिसेल, पण अडकणे कमी होईल.

एवढे सारे एका रविवारी होते. त्याआधी खिशात हात घालू नये.

थोड्या पैशांत काय होईल?

पोटातले ग्राफिक्स असेल तर सर्वांत उपयोगाचा खर्च रॅमचा. पण त्यातही एक मेख आहे. नुसते किती जीबी एवढेच पाहू नये, पट्ट्या किती आहेत तेही पाहावे. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती पुरवू शकते. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की ते माप ५१.२ होते. पोटातले ग्राफिक्स याच पाण्यावर जगत असल्यामुळे दुसरी पट्टी म्हणजे त्याला दुसरा पाइप. इंटेलच्या "आयरिस एक्सई" ग्राफिक्सला तर ही अटच आहे. मेमरी जोडीने चालत नसेल तर त्याच लॅपटॉपमध्ये नाव "यूएचडी" असे दिसते आणि कामही कमी होते. पुष्कळ स्वस्त लॅपटॉप ८ जीबीची एकच पट्टी घालून विकले जातात. तिथे तेवढीच दुसरी पट्टी घातली तर फरक डोळ्यांना दिसतो.

पण आधी जागा आहे का ते पाहा. वर सांगितलेल्या त्याच खिडकीत "मेमरी" वर गेलात की "स्लॉट्स यूज्ड" म्हणून आकडा दिसतो. "१ ऑफ २" असेल तर एक खाच रिकामी आहे. तिथेच "रो ऑफ चिप्स" असे लिहिलेले असेल तर रॅमही डाख देऊन बसवलेली आहे. मग मॉडेलचा नंबर घेऊन रिकामी खाच आहे का याची खात्री केल्याशिवाय पट्टी विकत घेऊ नये. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. जुन्या पट्टीची जात आणि वेग लिहून घेऊनच दुकानात जावे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे.

अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी जरूर घालावी. लॅपटॉप झटकन सुरू होईल, खेळही लवकर उघडेल. पण चित्राचा वेग त्याने वाढत नाही. म्हणून एसएसडी अभ्यासासाठी आणि कामासाठी घ्या, "ग्राफिक्स" म्हणून घेऊ नका.

आणि अपेक्षा मापात ठेवा. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे साधे सुटे ग्राफिक्स. त्याच्या पहिल्या प्रकारातील स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ गिगाबाइट आहे. म्हणजे दोन पट्ट्या घातल्यावरही आपण त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. "व्हॅलोरंट" या २०२० सालच्या खेळाला किमान म्हणून इंटेलचे जुने एचडी ४००० ग्राफिक्स चालते. तो पोटातल्या ग्राफिक्सवर जमतो. "सायबरपंक २०७७" ला मात्र किमान ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० आणि १२ जीबी रॅम लागते. प्रत्येक खेळ आपली किमान गरज जाहीर करतो. ती आपल्या वहीतल्या नावाशी ताडून पाहण्याचे काम मुलालाच द्या. हलक्या रानात ऊस लावायचा हट्ट कोणी करत नाही. रान बघून पीक निवडावे.

बाहेरून जोडायचे कार्ड

डेस्कटॉपचे कार्ड एका डब्यात बसवून तारेने लॅपटॉपला जोडण्याची सोयही आहे. तिला ईजीपीयू म्हणतात. त्यासाठी लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ किंवा ४, नाहीतर ही सोय देणारे यूएसबी४ असे तोंड लागते. साधे चपटे यूएसबी-सी तोंड दिसायला तसेच असते, पण ते चालत नाही. थंडरबोल्टच्या तोंडाशी विजेची खूण असते. शिवाय डेस्कटॉपमध्ये कार्डाला माहितीच्या १६ वाटा मिळतात, तर थंडरबोल्टमधून ४ च. बोअरला पाणी भरपूर आणि पाइप एक इंची, म्हणजे कार्डाची पुरी ताकद मिळत नाही. डबा, त्याचा वीजपुरवठा आणि कार्ड यांचा खर्च एकत्र केला की कित्येकदा तो नव्या लॅपटॉपच्या जवळ जातो. साध्या शेतकरी घराला हा मार्ग मी सुचवणार नाही.

खरेच हवे असेल तर

मुलाला खेळाची खरी आवड आहे, किंवा मुलगी वास्तुशास्त्राचे, अॅनिमेशनचे शिक्षण घेते आहे आणि त्रिमिती चित्रांसाठी ताकद हवी आहे, तर दोन रस्ते आहेत.

पहिला डेस्कटॉपचा. घरात किंवा ओळखीच्या ठिकाणी जुना पण धडका डेस्कटॉप असेल तर त्यात कार्ड घालता येते. कार्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा आहे, त्यामुळे त्याला बहुधा वेगळी वीज जोडावी लागत नाही. जीटीएक्स १६५० चेही असे प्रकार आहेत. मात्र अरुंद पेटीचा डेस्कटॉप असेल तर आखूड उंचीचे कार्ड लागते आणि प्रोसेसर फार जुना नसावा. पुढे चार वर्षांनी पुन्हा कार्डच तेवढे बदलता येते, हा याचा मोठा फायदा. तोटा असा की वीज गेली की काम बंद. म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा खर्च धरावा.

दुसरा रस्ता म्हणजे पुढचा लॅपटॉप घेताना पारखून घेणे. कार्डाच्या नुसत्या नावावर जाऊ नका, वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० चे लॅपटॉपचे रूप ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये चालवता येते, असे खुद्द एनव्हिडियाच सांगते. नाव एकच, पण ज्याला वैरण कमी त्याची ओढ कमी. त्याचबरोबर रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का, हवा जायला मागे आणि बाजूला जागा आहे का, सेवा केंद्र किती लांब आहे, हे विचारा. असे लॅपटॉप जड असतात, लवकर तापतात आणि खेळताना बॅटरी फार वेळ पुरत नाही. रोज एस.टी.ने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर ते ओझे द्यायचे का, याचाही विचार करा.

घरात बोलून ठरवा

आता थोडे घरातले. मुलाने गेम मागितला म्हणजे तो बिघडला असे नव्हे. आपणही सुरपाट्या आणि विटीदांडूपायी जेवण विसरत होतो. पण खेळात पैसे लावणे ही गोष्ट वेगळी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. मुलगा काय खेळतो हे त्याच्या शेजारी बसून एकदा पाहा. दरडावून विचारलेत तर तो लपवील, जवळ बसलात तर स्वतःच दाखवील.

लॅपटॉप एकट्याचा नसतो, हेही त्याला सांगा. तासन् तास तापून तो बंद पडला तर बहिणीची परीक्षा आणि अनुदानाचा अर्ज दोन्ही अडतात. खेळाची वेळ ठरवा आणि अभ्यासाचे, घरातले काम आधी होऊ द्या. धूळ काढण्याचे, ड्रायव्हरचे आणि खाच पाहण्याचे काम मुलाकडेच सोपवा. काय सापडले, काय घ्यायचे आणि त्याला किती पडतील, हे त्याने एका कागदावर लिहून आणावे. दोन दुकानांचे भाव आणावेत. खताच्या गोणीचा हिशेब आपण मांडतो तसाच हाही मांडू द्या.

एवढे करून रॅमची एक पट्टी घ्यावी असे ठरले तर आनंदाने घ्या. कार्ड बदलत नाही असे कळले तर तेही वाईट नाही. पैसे घरात राहिले आणि पोराला यंत्र पारखायची सवय लागली. उद्या ठिबकचा संच, सोलर पंप किंवा फवारणीचे यंत्र घ्यायची वेळ येईल, तेव्हा दुकानात तुमच्या शेजारी उभा राहून योग्य तो प्रश्न तोच विचारील.